उकिरडा गप बसत नाही

'डुब्ब' असा आवाज झाला आणि दुपारची शांतता मोडली. कोठीचं झाकण निघालं होतं. समरीननं उलथन्याचं टोक फटीतून बाहेर काढलं आणि श्वास रोखून आतल्या खोलीकडं पाहिलं. खिडकीखालच्या गादीवर रुमाईसानं कूस बदलली, ओठ चाटले आणि परत झोपली. पाच वर्षांची पोर, पण झोपेतही मूठ आवळलेली. मुठीत काय धरून ठेवते कुणास ठाऊक.

दिवसाकाठी समरीनला हीच काय ती पाऊण तासाची सवड. या पाऊण तासात निवडणं, टिपणं, घड्या घालणं, आणि उरलीच दोन मिनिटं तर लेकीच्या कपाळावरचे केस नुसते बोटानं मागं सारत बसणं.

कोठी अब्बांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची. पत्र्याची, हिरव्या रंगाची, कमरेइतकी उंच. कामशेतच्या बाजारात इब्राहिमशेठचं तांदळाचं दुकान चाळीस वर्षांचं. घरचा वर्षाचा इंद्रायणी तांदूळ ते स्वतः भरायचे आणि स्वतःच काढून द्यायचे. "कोठीला कुणी हात लावू नका. तांदूळ संपला की मला सांगायचं," हा त्यांचा नेम. का म्हणून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं एखादं कपाट असतं, एखादी खुर्ची असते, तशी ही कोठी, असं धरून सगळे चालले होते.

पण अब्बा दोन दिवसांसाठी पुण्याला मोतीबिंदू काढायला गेले होते, सोबत तिचा नवरा तन्वीर. दुकानाला कुलूप. डब्यात तांदूळ मूठभर. आणि बाहेर सात आठवडे न उघडलेला मावळातला पाऊस. त्या पावसात झोपलेल्या पोरीला खांद्यावर टाकून कोण जाणार बाजारात? घरात भरली कोठी असताना?

झाकण निघालं तसा लसणीसारखा एक उग्र भपकारा नाकात गेला. तिनं तोंड फिरवलं. इतके दिवस कोंडलेलं भांडं, वास येणारच. पदर नाकाला लावून तिनं तांदूळ परातीत उपसला. तांदळात पोरकिडे होते, पण एकही हलत नव्हता. सगळे पाय वर करून मेलेले. तिला बरंच वाटलं. निवडायचा त्रास वाचला.

तांदळात हात खोल घातला तेव्हा पहिली पुरचुंडी लागली. मग दुसरी. एकूण चार निघाल्या. जुन्या पांढऱ्या लुंगीच्या कापडात बांधलेल्या, वरून सुतळीचे दोन वेढे. बिर्याणीत मसाल्याची पोटली सोडतात तशा.

समरीनला हसू आलं. पवनेच्या काठावर, तिच्या माहेरी, तिची अम्मी अशाच पुरचुंड्या धान्यात घालायची. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि चुलीची राख. एवढे मोठे व्यापारी, पण घरच्या तांदळाला शेवटी राखच, असं तिच्या मनात आलं. तिनं एक पुरचुंडी सोडून पाहिली. करडी भुकटी, आणि त्यात अर्धवट विरलेले दोन-तीन पांढुरके खडे.

राख नव्हती ती. पण हे तिला सांगायला त्या वेळी घरात कुणी नव्हतं. सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो डोळ्यावर पट्टी बांधून चाळीस किलोमीटरवर आडवा पडला होता.

*

मागच्या गॅलरीत निळा ड्रम होता. बुडाशी आणि अंगाला भोकं पाडलेला, खाली विटा, शेजारी नारळाच्या भुश्शाचं पोतं. गेल्या वर्षभरात घरातलं एकही साल, एकही देठ, चहाचा एक चमचा चोथा समरीननं घंटागाडीला दिला नव्हता. सगळं या ड्रमात जायचं आणि दोन-अडीच महिन्यांनी काळीभोर, भुसभुशीत माती होऊन बाहेर यायचं.

ते शिकवलं होतं खालच्या धोंडाबाईनं. तळमजल्यावर राहणारी, सत्तरीची, घरामागच्या हातभर जागेत अळू आणि कोथिंबीर लावणारी. पहिल्यांदा ड्रम वर चढवताना पाहिलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "आमच्यात उकिरडा गावाभाईर असतो पोरी. तू तर माडीवर चढवलास." आणि मग स्वतःच पायऱ्या चढून आली. ओलं किती, सुकं किती, कधी हलवायचं, सगळं दाखवलं. "राख मिळाली तर टाकत जा वाईच. राखंनं उकिरड्याचा आंबटपणा मरतो," हेही तिनंच सांगितलेलं.

अब्बांना मात्र ड्रम पसंत नव्हता. कारण ड्रमात अळ्या होत्या. काळ्या माशीच्या, जाड, मातकट रंगाच्या, शेकड्यांनी. खरं काम त्याच करायच्या. "चाळीस वर्षं मी किडे मारले," अब्बा जेवताना म्हणायचे, "आणि माझ्या सुनेनं घरात पाळले. बाजारात कळलं तर गिऱ्हाईक तांदूळ चाळणीत घेऊन दारात उभं राहील." तन्वीर खाली मान घालून हसायचा.

एका गोष्टीत मात्र सासऱ्याचं आणि सुनेचं मत एक होतं. दाणा कचऱ्यात जायचा नाही. किडका असो, सडका असो, तो रिज्क आहे, अल्लानं दिलेलं अन्न, गाडीत फेकायचा नाही. पूर्वी कोंबड्या होत्या तेव्हा कोंबड्यांना जायचा, आता ड्रमाला जायचा. म्हणून त्या दुपारी समरीननं परातीतला चुरा, मेलेले किडे, तुटका तांदूळ सुपात भरला. अब्बा परत आल्यावर त्यांना सांगायचं होतं तिला, बघा, तुमच्या कोठीतला एक दाणा वाया घालवला नाही.

ड्रमात सकाळची दुधीची सालं होती, काकडीचं पाणी सुटलेलं होतं. वरून तिनं सूप उपडं केलं. मग चारही पुरचुंड्या सोडून राख भुरभुरली, काठीनं खालवर केली आणि झाकण लावलं. हात साबणानं दोनदा धुतले, कारण थोड्या वेळानं रुमाईसाला उठवून कुशीत घ्यायचं होतं.

गॅलरीला बाहेरून लोखंडी जाळी. दर पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री बांधायचे. या वर्षी तन्वीरनं जाड नवं प्लास्टिक आणलं होतं आणि कडा अशा ताणून बांधल्या होत्या की वाऱ्याची झुळूक आत यायची नाही. "एकदम पेटीबंद," तो अभिमानानं म्हणाला होता. गॅलरीत उघडणारी खोलीची खिडकी तेवढी उघडी असायची. तीही बंद केली तर गुदमरायला होतं, असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं. आणि त्या खिडकीखाली गादी.

*

संध्याकाळी वास सुटला. लसणीचा म्हणावा तर लसणीचा, सुक्या बोंबलांचा म्हणावा तर तसाही. समरीननं लसणीची सालं टाकल्याचं आठवून पाहिलं. टाकली होती, परवा. मग झालं.

तन्वीरचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. त्यानं फोन अब्बांच्या कानाला लावला.

"समरीन, तांदूळ आहे ना घरात?"

"आहे, अब्बा."

"दुकानातला काढ हां लागला तर. किल्ली तन्वीरनं..." मागून कुणीतरी ड्रॉप घालायला आलं असावं. अब्बा 'थांबा जरा' म्हणाले, पण फोन तन्वीरकडं गेला होता.

कोठी उघडली, असं सांगायला काय हरकत होती? काहीच नाही. पण पट्टी बांधून पडलेला माणूस, उगाच जिवाला घोर लावून घेईल, म्हणून तिनं 'आहे' एवढंच सांगितलं. खोटंही नव्हतं ते.

*

रुमाईसाचा सकाळचा एक खेळ होता. उठली की दात घासायच्याही आधी गॅलरीत जाऊन ड्रमाला कान लावायचा. अळ्या खायला लागल्या की आतून आवाज येतो, कढईत रवा परततात तसा, बारीक, न थांबणारा. "अम्मी, जेवतायत," अशी बातमी आणली की मग तिचा दिवस सुरू.

दुसऱ्या दिवशी ती बराच वेळ आलीच नाही. समरीननं गॅलरीत डोकावलं. पोर उकिडवी बसून ड्रमाच्या भोकाला गाल चिकटवून होती.

"आज जेवत नाहीत."

"पोट भरलं असेल."

"नाकानं पण बघितलं. वास घाण येतो." तिनं दुसऱ्या भोकाला कान लावला. "अम्मी, गप का झाल्या?"

समरीननं झाकण उचललं. वाफेसारखं काहीतरी तोंडावर आलं आणि तिचे डोळे चुरचुरले. अळ्या वरच होत्या, सालींवर पसरलेल्या, ताठ. एरवी उजेड दिसताच आत पळणाऱ्या. तिनं झटकन झाकण खाली ठेवलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं, आणि सकाळी सकाळी रडू नको होतं.

"झोपल्यात," ती म्हणाली. "रात्रभर जेवल्या ना. झोपल्यात."

"कधी उठतील?"

"तू शाळेतून आलीस की उठतील."

पण शाळा झालीच नाही. दूध पोटात गेलं तसं बाहेर आलं. मग चहात बुडवलेलं बिस्किट. डोकं दुखतंय म्हणाली. पाच वर्षांच्या मुलीनं डोकं दुखतंय म्हणावं, हे समरीननं पहिल्यांदाच ऐकलं. स्वतः तिचंही डोकं सकाळपासून जड होतं. पण आईच्या डोक्याला कोण विचारतो, झोप झाली नाही की होतंच ते.

गल्लीतल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. "पावसाळ्याची साथ आहे. आज ही अकरावी पेशंट. पाणी पाजत राहा, झोपू द्या."

झोपू द्या म्हणाले, म्हणून तिनं झोपवलं. त्याच खिडकीखाली, त्याच गादीवर. अंगावर आपली जुनी ओढणी घातली, तिला तीच लागते म्हणून. बाहेर पाऊस प्लास्टिकवर एकसारखा वाजत होता. खिडकीच्या चौकटीत पाल पडलेली दिसली, पोट वर करून. समरीननं ती कागदानं उचलली आणि कागद हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली. मनात काहीतरी आलं होतं, पण नीट येण्याआधीच पोरीनं पुन्हा ओकारी काढली.

*

तीनच्या सुमारास धोंडाबाई आली. खत न्यायला म्हणून रिकामी पाटी घेऊन.

"काय गं, तोंड का असं उतरलंय?"

"रुमीला बरं नाही मावशी. आणि ड्रमातल्या अळ्या मेल्या सगळ्या. वासही वेगळाच मारतोय."

"सगळ्या?" धोंडाबाईनं पाटी खाली ठेवली. "एक पन जित्ती न्हाई?"

"एकही नाही."

म्हातारी गॅलरीच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. आत पाऊल टाकलं नाही. मान वाकडी करून ऐकत राहिली, आपल्याच घरात चोर आहे का हे ऐकावं तसं.

"माझं लगीन झाल्यापास्नं उकिरडा बघतीय मी," ती हळू म्हणाली. "त्यो उन्हाळ्यात धुमसतो, पावसात फसफसतो, थंडीत वाफा टाकतो. पन उकिरडा गप बसत न्हाई पोरी. गप बसला तर त्याच्या पोटात काईतरी इपरीत गेलंय. काय टाकलंस?"

"काही नाही. सालं. कोठीतला चुरा. आणि राख."

"राख कुटली? तुझ्याकडं तर गॅस हाय."

या घरात चूल नव्हती. अब्बांच्या घरात कधीच नव्हती. मग अब्बा राख आणणार कुठून?

जिन्यात पावलं वाजली. तन्वीरचा आवाज, "अब्बा, अजून दोन पायऱ्या." ते संध्याकाळी यायचे होते, लवकर सोडलं होतं. अब्बा दारात आले, काळा चष्मा, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा अजून मोतीबिंदूनं धुरकट, हात तन्वीरच्या दंडावर. सलाम करायला समरीन पुढं झाली, पण उंबऱ्यात पाय ठेवताच ते थांबले. नाकपुड्या फुलल्या.

"घरात गोळ्या कुणी फोडल्या?"

कुणाला काही कळलं नाही.

"पोत्यात किडे मारायला ठेवतात त्या गोळ्यांचा वास येतोय. गोडाऊनच्या." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "समरीन. कोठी उघडलीस?"

"हो, अब्बा."

"पुरचुंड्या?"

तिनं गॅलरीकडं हात केला. त्यांना तो दिसत नव्हता, हे तिच्या लक्षातही आलं नाही. धोंडाबाईच बोलली, "शेठ, त्या उकिरड्यात घातल्या तिनं. ओल्यात."

"पोरगी कुठंय?"

पुढचं सगळं एका दमात झालं. तन्वीरनं पोरीला ओढणीसकट उचललं आणि जिन्याकडं धावला. धोंडाबाई कठड्यावरून खाली वाकून मुलाला हाका मारायला लागली, "परदीप, व्हॅन काढ रं, व्हॅन." समरीन बादलीकडं वळली, ड्रमावर पाणी ओतावं, धुऊन टाकावं, एवढंच सुचलं तिला. अब्बांनी नुसत्या आवाजाच्या अंदाजानं तिचं मनगट धरलं.

"पाणी नको. पाणी लागलं की ती गोळी जागी होते, विषारी वायू सोडते. दारं उघडी ठेव आणि चल बाहेर. कुणी आत थांबायचं नाही."

जाता जाता तिनं एकदा मागं पाहिलं. ड्रम कोपऱ्यात उभा होता, निळा, गप. चार दिवसांपूर्वी त्याच्या झाकणावर रुमाईसानं खडूनं दोन डोळे आणि एक हसरं तोंड काढलं होतं.

*

प्रदीपची व्हॅन शाळेच्या मुलांची. सीटखाली कुणाचीतरी पाण्याची बाटली लोळत होती. तळेगावपर्यंत जुन्या हायवेला पाऊस असा की वायपर कमी पडत होता. समरीननं मुलीला मांडीवर घेतलं होतं. पोर जागी होती, पण ओठ निळसर आणि हात गार. समरीन तिचे तळवे चोळत होती, फुंकर घालत होती, ओढणीत गुंडाळत होती.

पुढच्या सीटवरून अब्बा बोलले. कुणाकडं तोंड करून बोलत होते ते चष्म्यामुळं कळत नव्हतं.

"दुकानातल्या गोळ्या मीच आणल्या घरी. सांगितलं असतं तर तू ठेवू दिल्या नसत्यास. म्हणून सांगितलं नाही. म्हटलं, मी काढून देत जाईन, कुणाला कळायचं कारण नाही."

तन्वीर म्हणाला, "अब्बा, आता नको."

"चाळीस वर्षं," अब्बा म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

समरीननं त्यांच्याकडं पाहिलं. राग यायला हवा होता. पण तिला दिसत होतं ते फक्त आपलं काठी फिरवणं, खालवर, खालवर, नीट मिसळावं म्हणून. आणि कालचा तो फोन. 'आहे, अब्बा.'

*

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं सगळं दोनदा विचारलं. किती पुरचुंड्या, किती वाजता, मुलगी कुठं झोपली होती, ड्रमापासून किती लांब. "कान लावून बसायची," समरीन म्हणाली, "सकाळी बसली होती, बराच वेळ." डॉक्टरचं पेन कागदावर थांबलं आणि मग पुन्हा चालायला लागलं.

छातीला वायरी लावल्या. तोंडावर मास्क, तो सारखा मोठा व्हायचा, घसरायचा. सलाइनसाठी शीर सापडेना. तीन ठिकाणी टोचलं, तरी पोर रडली नाही. समरीनला त्याचंच भय वाटलं.

डॉक्टरनं तिला आणि तन्वीरला बाजूला घेतलं. "खोटं सांगत नाही. या विषावर उतारा नसतो. आपण हृदयाला आणि श्वासाला आधार देत राहायचा, बाकी शरीर लढतं. लवकर आणलंत ते चांगलं केलंत. पण पुढचे चोवीस तास गेल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

"झोपू दिली तर चालेल?" समरीननं विचारलं.

"थकली तर झोपेल ती. आमचं लक्ष आहे."

तन्वीर अब्बांना बाकावर बसवायला गेला. खिडकीबाहेर साडेसहाचा उजेड होता, मळका, ओला. समरीन पलंगाच्या कडेवर टेकली. लेकीच्या कपाळावरचे केस घामानं चिकटले होते, ते तिनं एका बोटानं मागं सारले. मशीनवर हिरवी रेघ पळत होती, मध्येच दोन उड्या जवळजवळ घ्यायची, मग एक चुकवायची. प्रत्येक चुकलेल्या उडीला समरीनचा हात थांबायचा.

रुमाईसानं डोळे उघडले. मास्क बाजूला करायला हात उचलला, पण तो तेवढा वर गेलाच नाही. समरीननं वाकून कान तिच्या तोंडाजवळ नेला, पोर ड्रमाला लावायची तसाच.

"अम्मी, उठल्या का त्या?"

"कोण, बाळा?"

"अळ्या. मी शाळेतून आले की उठतील म्हणालीस."

पोरीच्या पापण्या मिटायला आल्या होत्या, ती जोर लावून त्या उघड्या धरत होती. मूठ ओढणीच्या टोकावर आवळलेली.

"मला पण झोप येतीये," ती म्हणाली. "मी झोपले तर त्यांच्यासारखीच झोपेन का गं?"